रिपोर्ट सर्व्हरवरून क्लाउडवर: नऊ महिने वापरून झाल्यावर

आमच्याकडे बरीच वर्षं एसएसआरएस होतं, म्हणजे डेटाबेसमधून रिपोर्ट काढून देणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. 2004 साली त्यांच्याच एसक्यूएल सर्व्हर 2000 या डेटाबेसच्या जोडीला आलेलं हे प्रकरण, म्हणजे वय बघा, पण चालायचं मस्त. पान अगदी छापील फॉर्मसारखं यायचं, लोकांना लिंक पाठवली की काम संपलं, आणि सकाळी सहाला पीडीएफ आपोआप शेअर्ड फोल्डरमध्ये पडलेली असायची. मग हलवलं कशाला? तर सर्व्हर म्हातारा झालेला, वॉरंटी कधीच संपलेली, आणि मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलंय की एसएसआरएस 2022 हीच शेवटची आवृत्ती, एसक्यूएल सर्व्हर 2025 पासून स्वतःच्या सर्व्हरवर रिपोर्टिंग हवं असेल तर पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर घ्या. म्हणजे आज ना उद्या बिऱ्हाड हलवायचंच होतं. वरून आदेश आला की हलवतोच आहोत तर सरळ क्लाउडवर जाऊ, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

आता पॉवर बीआय सर्व्हिसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडवरच्या रिपोर्टिंगवर, नऊ महिने झालेत. खाली जे रडगाणं आहे त्यातलं निम्म्याहून जास्त आमच्याच चुकांचं आहे हे आधीच कबूल करतो, कारण जवळपास प्रत्येक गोष्ट डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेली होती, आम्हीच ती हात पोळल्यावर वाचली.

पहिला गैरसमज म्हणजे सर्व्हर गेला की कटकट गेली. अहो, रिपोर्ट गेले वर, डेटाबेस कुठे गेला? तो आहे तिथेच आहे. मग क्लाउडला आपल्या डेटाबेसपर्यंत पोचवायला मध्ये गेटवे नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ते आपल्याच नेटवर्कमधल्या एखाद्या मशीनवर बसतं. चांगली बाजू अशी की फायरवॉलमध्ये आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही, गेटवेच आतून बाहेर कनेक्शन धरून बसतो, त्यामुळे नेटवर्कवाल्यांनी फार खळखळ केली नाही. वाईट बाजू अशी की ते मशीन चोवीस तास चालू हवं. आम्ही काय केलं, तर एक रिकामा पडलेला डेस्कटॉप पीसी घेतला, त्यावर गेटवे टाकला आणि टेबलाखाली सरकवून दिला. टेस्टिंगपुरतं म्हणून. टेस्टिंगपुरत्या गोष्टींचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी भल्या माणसाने वीज वाचवायला म्हणून तो पीसी बंद केला. सोमवारी आल्यावर लक्षात आलं, चालू केला, गेटवे ऑनलाइन दिसायला लागला, मी निवांत झालो. दुपारी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "अहो, आकडे अजून शुक्रवारचेच दिसतायत." बघतो तर रिफ्रेशचं, म्हणजे डेटाबेसमधून ताजे आकडे ओढून आणायचं, शेड्यूलच बंद! झालं असं होतं की लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फेल झालं की सिस्टीम ते शेड्यूल आपणहून बंद करते, मग गेटवे परत आला तरी ते आपोआप सुरू होत नाही, हाताने चालू करावं लागतं. आमचे दिवसाला आठ रिफ्रेश, म्हणजे शनिवारी दुपारपर्यंतच सगळ्या डेटासेटची (रिपोर्टमागे साठवलेला डेटा) शेड्यूलं आडवी झालेली. आणि फेल झाल्याच्या मेल? त्या जातात डेटासेटच्या मालकाला. मालक आमच्या टीममधला एक मुलगा, तो सुट्टीवर. तिथे आणखी नावं घालायची सोय आहे, ती घालायची कोणाला सुचलीच नव्हती. आता दोन नीट सर्व्हर मशीन्सवर गेटवेचं क्लस्टर केलंय, एक पडलं तर दुसरं धरतं. आणि गेटवे टाकताना जी रिकव्हरी की ठरवायला लावतात ना, ती कृपा करून कुठेतरी जपून लिहून ठेवा, ती हरवली तर कोणीही काढून देऊ शकत नाही.

रिपोर्ट किती न्यायचे हा सगळ्यात मोठा वाद झाला. सर्व्हरवर साडेतीनशेच्या वर रिपोर्ट होते. त्यात "विक्री_फायनल", "विक्री_फायनल_नवीन" आणि "विक्री_फायनल_नवीन_खरा" असली भावंडं. मी म्हटलं लॉग काढू, जे कोणी उघडतच नाही ते नेऊच नको. रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये एक्झिक्युशनलॉग 3 नावाचा व्ह्यू असतो, कोणी कधी कुठला रिपोर्ट चालवला, किती वेळ लागला, सगळं त्यात मिळतं. क्वेरी मारली तर जेमतेम नव्वद रिपोर्ट वापरात! मी खूष, मीटिंगमध्ये ऐटीत दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, नव्वद हलवले.

मग वर्षअखेर आली. ऑडिटसाठी लागणारा जुन्या येण्यांचा एक रिपोर्ट, वर्षातून एकदाच चालतो, तो कुठेच नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, कोणी वापरत नाही म्हणून?" आता कळलं की तो लॉग डीफॉल्टने फक्त 60 दिवसांचा ठेवला जातो. म्हणजे मी वर्षाची गोष्ट दोन महिन्यांच्या नोंदीवरून ठरवली होती. नशीब की जुना सर्व्हर अजून पुसला नव्हता, तिथून रिपोर्टची मांडणी असलेली आरडीएल फाइल काढली आणि रात्रीत वर चढवली. तुम्ही असं काही करणार असाल तर हलवायच्या वर्षभर आधी ती मुदत वाढवून ठेवा, एका सेटिंगचं काम आहे, आणि तरीही यादी घेऊन अकाउंट्सवाल्यांसमोर बसाच, त्यांना विचारल्याशिवाय एकही रिपोर्ट गाळू नका.

जुने आरडीएल रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये पेजिनेटेड (छापील पानांसारखे) रिपोर्ट म्हणून चालतात ही मात्र फार मोठी सोय आहे, नाहीतर सगळं नव्याने बांधता बांधता जीव गेला असता. पण सर्व्हरवर आम्ही शेअर्ड डेटा सोर्स वापरायचो, एक कनेक्शन आणि त्यावर पन्नास रिपोर्ट, ती पद्धत इथे तशीच चालत नाही, कनेक्शन प्रत्येक रिपोर्टच्या आत घालावं लागतं. त्यासाठी मायग्रेशन टूल आहे, बरंचसं काम तेच करतं, उरलेलं हाताने. शेअर्ड फोल्डरमध्ये पडणाऱ्या पीडीएफचं काही जमवत बसलो नाही, क्लाउडला ऑफिसातला फोल्डर कुठून दिसणार, शेवटी लोकांची ती सवयच मोडली आणि मेलवर सबस्क्रिप्शन लावून दिलं. महिनाभर कुरकुर झाली, मग थांबली.

आता तारखेचा किस्सा, हा मला सगळ्यात जास्त छळून गेला. एका डॅशबोर्डवर "आजची विक्री" असा मोठा आकडा होता. माझ्या लॅपटॉपवर पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये, म्हणजे रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अगदी बरोबर. वर चढवला की सकाळी साहेबांना कालचा आकडा आज म्हणून दिसायचा, आणि नऊच्या रिफ्रेशनंतर आपोआप सुधारायचा! मी तीन दिवस डेटाबेसमध्ये चूक शोधत बसलो. डेटा ठीक, गेटवे ठीक, मग भूत शिरलंय की काय. शेवटी डोक्यात उजेड पडला की क्लाउडवरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. आमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे, पहिला रिफ्रेश भल्या पहाटे, तेव्हा यूटीसीत अजून आदलाच दिवस चालू असतो. टेबलात मी टुडे फंक्शन वापरून "आज आहे का" असा एक कॅल्क्युलेटेड कॉलम केला होता, तो रिफ्रेशच्या वेळी एकदा मोजला जातो आणि पुढच्या रिफ्रेशपर्यंत तसाच राहतो. म्हणजे पहाटे मोजलेला "आज" खरं तर काल असायचा. आता पॉवर क्वेरीतच, म्हणजे डेटा आत घेतानाच्या पायरीत, यूटीसी वेळ घेऊन आपल्या झोनमध्ये बदलून घेतो आणि तीच तारीख सगळीकडे वापरतो. तीन ओळींचं काम, पण तीन दिवस साहेबांसमोर तोंड लपवायची वेळ आली होती.

मर्यादांचं बोलू. प्रो लायसन्सवर दिवसाला आठ शेड्यूल रिफ्रेश आणि एका मॉडेलला (म्हणजे वरच्या डेटासेटलाच) 1 जीबीची मर्यादा, एक रिफ्रेश दोन तासांत संपला पाहिजे. प्रीमियममध्ये 48 रिफ्रेश आणि पाच तास मिळतात. आम्हाला आठ पुरतात, उगाच दर पाच मिनिटांनी आकडा बघून कोणाचं भलं झालंय. साइझचा प्रश्न मात्र आला, बिलातल्या ओळी ओळीचा डेटा घेतला होता आणि फाइल मर्यादेला टेकायला आली. गुन्हेगार निघाला एकच कॉलम, बिलाची तारीख आणि वेळ सेकंदांसकट. आत जे कॉम्प्रेशन असतं ते एकाच कॉलममधल्या सारख्या किमतींवर चालतं, सेकंदांमुळे प्रत्येक ओळीची किंमत वेगळी, मग दाबणार काय? तारीख वेगळी केली, वेळ उडवली, कोणी न विचारलेले वीसेक कॉलम काढले, प्रत्येक तारखेच्या कॉलमसाठी लपलेलं कॅलेंडर बनवणारा ऑटो डेट-टाइमचा पर्याय बंद केला. फाइल निम्म्याच्याही खाली आली. जुन्या सर्व्हरवर असली चैन खपून जायची, तिथे डिस्क भरली की नवी डिस्क लावायची.

लायसन्सचं गणित कागद घेऊन करा. आधी नुसता रिपोर्ट बघणारा माणूस वाढला तर कोणाला पत्ताही लागायचा नाही. इथे बघणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं, आणि ते टाळायचं तर वर्कस्पेस (रिपोर्ट ठेवायची सामायिक जागा) एफ 64 किंवा त्याहून मोठ्या कपॅसिटीवर, म्हणजे विकत घेतलेल्या राखीव क्लाउड क्षमतेवर, हवा. आमच्याकडे "कधीतरी बघणारे" खूप निघाले. त्यातल्या निम्म्यांना महिन्याला एक पीडीएफ पाठवली की ते खूष असतात हे नंतर कळलं.

आणि हो, परवानग्या. सुरुवातीला घाईत सगळ्यांना वर्कस्पेसमध्ये कॉन्ट्रिब्युटर करून टाकलं, रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याचे नियम) लावलेली आहेच म्हणून बिनधास्त. एका विभागाच्या माणसाने दुसऱ्या विभागाचा नफा मीटिंगमध्ये वाचून दाखवला तेव्हा घाम फुटला. ती सिक्युरिटी फक्त व्ह्यूअर रोलला लागू होते, कॉन्ट्रिब्युटर, मेंबर, अ‍ॅडमिन यांना सगळं दिसतं. त्याच दिवशी बसून पब्लिश टू वेबचा पर्यायही सगळ्यांसाठी बंद केला, त्याने बनलेली लिंक जगात कोणीही उघडू शकतं, लॉगिन बिगिन काही नाही.

एवढं वाचून वाटेल की मी वैतागलोय. तसं नाहीये. मोबाइलवर रिपोर्ट उघडतात, घरून व्हीपीएनची झटापट संपली, रात्री पॅच टाकून सर्व्हर परत उठेल का म्हणून जागायला लागत नाही. एक्सेलमधून थेट मॉडेलला जोडता येतं ही तर अकाउंट्सची सगळ्यात आवडती गोष्ट ठरलीये, कारण रिपोर्टमधून एक्सेलला एक्सपोर्ट केलं तर दीड लाख ओळींना गाडी थांबते, सीएसव्हीला तर तीस हजारांनाच. मॅडम आता स्वतःच पिव्हट लावतात आणि मला फोन कमी येतात.

एका सल्लागार कंपनीने सहा आठवड्यांत सगळं होईल असं सांगितलं होतं. रिपोर्ट सहा आठवड्यांत गेले, हे खरंय. लोक जायला पाच महिने लागले. जुना सर्व्हर अजून चालू आहे, फक्त वाचण्यापुरता. वर्षअखेरचे सगळे रिपोर्ट एकदा नव्या जागेवरून निघाले आणि मॅडमनी सही केली की त्याची वायर काढायची ठरलंय, आणि त्या टेबलाखालच्या पीसीवर सध्या प्रिंटर जोडलाय.