नागपूरहून चार-पाच दिवस समुद्र: गोवा, तारकर्ली की विशाखापट्टणम?

नागपूरच्या माणसाला समुद्र कुठूनही लांबच. पश्चिमेला जा, पूर्वेला जा, आठशे-हजार किलोमीटर काही चुकत नाहीत. एरवी झीरो माइलच्या खांबाचं आपल्याला कौतुक असतं, पण मैत्रिणीसोबत चार दिवस किनाऱ्यावर नुसतं पडून राहायचं ठरवलं की देशाच्या मधोमध राहणं अंगावर येतं. मुंबई-पुण्याची मंडळी शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पाण्यात असतात. आपली ती सकाळ पनवेलच्या अलीकडे-पलीकडे गाडीच्या खिडकीत जाते. म्हणून रिसॉर्टचे फोटो नंतर बघा. सुटीतले किती तास खरोखर समुद्राजवळ मिळणार, ते आधी मोजा. मग सोबतीला कोण आहे ते बघा. खोली, पूल, नाश्ता हे सगळं त्याच्या मागून.

अलिबाग आणि पुरी मी लगेच बाजूला काढते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला आणि तेव्हापासून ‘गाडीनेच जाऊ की अलिबागला’ हे वाक्य धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत ऐकू येतं. पण तो रस्ता भिवंडीजवळ आमणेला संपतो. पुढे अलिबागपर्यंत महानगराची सगळी गर्दी कापायची आहे, आणि सरळसोट रस्त्यावर आठ तास गाडी हाकून डोळे जड झाले असताना कापायची आहे. पोहोचल्यावर जो किनारा मिळतो तो शनिवार-रविवारी मुंबईकरांनी भरलेला. मुंबईत काही काम असेल तर गेटवेहून मांडव्याची बोट पकडून दोन दिवस जरूर जावं. खास नागपूरहून तेवढ्यासाठी जाऊ नये. पुरीचं म्हणाल तर वीसएक तासांची सरळ गाडी आहे, कोणार्क आहे, चिलिका आहे, जगन्नाथाचा महाप्रसाद आहे. पण तिथला दिवस देवळाभोवती फिरतो. पुरीला आईला घेऊन जा.

उरले तीन पर्याय.

गोवा

गोव्याचं सगळ्यात मोठं बलस्थान म्हणजे विमान. थेट विमान मिळालं तर पावणेदोन तासांच्या आसपास तुम्ही मोपाला उतरता. हा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो पेडण्यात, म्हणजे गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. हे नीट लक्षात घ्या, कारण नागपुरात बसून रिसॉर्ट बुक करणारे हमखास इथे फसतात. दक्षिण गोव्यातली वार्का, केळशी, बाणावलीकडची रिसॉर्ट्स खरोखर देखणी आहेत: मोठं आवार, नारळाची झाडं, शांत किनारा. पण मोपाहून तिथे जायला दोनेक तास लागतात. त्यात गोव्यात ओला-उबर चालत नाही. सरकारमान्य गोवा माइल्स किंवा रिसॉर्टची टॅक्सी घ्यावी लागते आणि स्वस्तात मिळवलेल्या तिकिटाचा आनंद तिथे निम्मा होतो. दक्षिणच हवी असेल तर विमान दाबोळीला, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळावर, उतरणारं आहे का ते आधी बघा.

उत्तरेत कळंगुट, बागा, कांदोळी. संध्याकाळी बाहेर पडून चालायचं, काहीतरी खायचं, गाणी ऐकायची, माणसं बघायची असतील तर हाच पट्टा. शांतता हवी असेल तर मोरजी-आश्वे, आणि ते मोपाला जवळही आहेत. भाड्याची स्कूटर घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. कुणाच्या घरची पांढऱ्या पाटीची गाडी घेतलीत तर पोलिसांशी बोलण्यात तास जातो. पोहता येत नसेल तर गोव्यातली एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते: मुख्य किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात आणि कुठे उतरायचं, कुठे नाही हे झेंडे लावून दाखवलेलं असतं. तीन ठिकाणांत ही सोय इथेच सगळ्यात चोख आहे.

एक विषयांतर. परतताना बाटल्या आणायचा विचार असेल आणि येणं रेल्वेने असेल, तर नागपूरच्या दाराशी वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. घरी तुमची वाट बघणाऱ्या भावजींना तसं आधीच सांगून ठेवा.

तारकर्ली-देवबाग

लोक याला ‘पैसे वाचवून केलेला गोवा’ समजतात. ते काही खरं नाही, इथली सुटीच वेगळ्या जातीची आहे. मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, काही महागडी रिसॉर्ट्सही आहेत, पण खरी मजा घरगुती निवासात. खोली साधी, एसी आणि स्वच्छ न्हाणीघर. बाहेर ओसरीवर दोरी, तिच्यावर काल भिजलेले पंजाबी ड्रेस अजून ओलेच, कारण त्या दमट हवेत काही वाळत नाही. पलंगावर कितीही झटकली तरी वाळू. सकाळी आंबोळ्या वाढताना घरच्या काकी विचारतात, “सुरमई गावाक नाय, बांगडो चलात?” तुम्ही हो म्हणता आणि दुपारी ताटात तो तव्यावरून सरळ येतो. तुमच्या जेवणाचा बेत नाश्त्याच्या वेळीच, बाजारात काय आलं त्यावर ठरतो. रोहू-कतल्यावर वाढलेल्या आपल्या जिभेला समुद्राच्या माशाची ही ओळख फार छान होते. मैत्रीण शाकाहारी असेल तरी तिचे हाल होत नाहीत: काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे-रस, सोलकढी. फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवा.

नशिबात असेल तर सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसते. वीस-पंचवीस माणसं दोन बाजूंनी दोरखंड धरून मोठं जाळं वाळूवर खेचत आणतात. तुम्ही दोराला हात लावलात तर कुणी नको म्हणत नाही, पण तळवे सोलतात. मग मालवणला सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली बांधायला घेतलेला, भर समुद्रात, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. गाइड घेऊन दोन-तीन तास शांतपणे बघण्यासारखा आहे.

तारकर्लीला स्कूबासाठीच गर्दी होते. पोहता येत नसलं तरी करता येतं, प्रशिक्षक सोबत असतो. दमा, कानाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर लपवू नका. आणि विमानाने परतणार असाल तर स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. पाण्याखाली जाऊन आल्यावर निदान १२ तास, एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास उडू नये असा नियम आहे. बहुतेक जण नेमकं शेवटच्या सकाळी ते ठेवतात. पोहायला मात्र देवबागच्या संगमाकडे जाऊ नका. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याची ओढ जबर असते.

आता पोहोचायचं कसं? नागपूर-मडगाव ही विशेष गाडी आहे, आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी सुटत आलेली. मुदतवाढीवर चालते म्हणून आरक्षणाआधी चालू आहे ना ते बघून घ्या. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण रस्त्याने तासाभराचं. बुधवारी दुपारी निघालात तर गुरुवारी दुपारनंतर कुडाळ. शुक्रवार, शनिवार आणि जवळजवळ अख्खा रविवार समुद्रावर. रविवारी रात्री परतीची गाडी, सोमवारी रात्री घर. तीन दिवसांच्या समुद्रासाठी दोन अख्खे दिवस रुळांवर गेले. गप्पिष्ट मैत्रीण असेल तर हा प्रवासही सुटीतच धरा. नसेल तर विचार करा.

मला पटलेली तोड दुसरी आहे. मोपा विमानतळ महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. तिथून मालवण दोन-अडीच तास, म्हणजे दक्षिण गोव्याला जायला लागतो त्याहून फार जास्त वेळ नाही. गोव्याचं तिकीट काढायचं आणि उतरून टॅक्सी उत्तरेला वळवायची. एवढंही बसायचं नसेल तर वाटेत शिरोडा-वेळागर आहे. किनारा लांबलचक, माणसं तुरळक.

विशाखापट्टणम

नागपूरकरांना हे शहर कमी सुचतं आणि का ते कळत नाही. दिल्लीहून येणारी आंध्रची गाडी आपल्या स्टेशनवरूनच जाते, रायपूरमार्गे समता एक्सप्रेसही आहे. अठरा-वीस तासांच्या घरात स्टेशन गाठता, आणि स्टेशनपासून समुद्र रिक्षाच्या अंतरावर. विमानाचे पैसे वाचतात, ते खोलीवर घाला. ऋषिकोंड्याच्या बाजूला टेकडीवरून समुद्र दिसणारी हॉटेलं आहेत.

इथला समुद्र पूर्वेचा. सूर्य पाण्यातून वर येतो, पाण्यात बुडत नाही. लवकर उठणाऱ्यांना हे सुख आहे, आणि नऊला डोळे उघडणाऱ्या मैत्रिणीला ते कधी दिसणार नाही. रामकृष्ण बीच फिरायला, भुट्टा खायला, किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेल्या कुरसुरा पाणबुडीच्या आत वाकून शिरायला उत्तम. पोहायला मात्र वाईट: किनारा झपकन खोल होतो आणि परतणारी लाट पाय ओढते. इथे पोहायचं ते हॉटेलच्या पूलमध्ये. या शहराची जमेची बाजू अशी की दुसऱ्या दिवशी वाळूचा कंटाळा आलाच तर डोंगरातलं अरकू खोरं आहे. बोगद्यांमधून वर चढणारी रेल्वे, काचेच्या छताचा डबा, बोर्रा गुहा, बांबूत शिजवलेलं चिकन. तारकर्लीत कंटाळा आला तर जायला दुसरं फारसं काही नाही. तिखटाचं तर विचारूच नका, सावजीवर वाढलेल्याला आंध्र काय करणार.

महिना बघा, मग ठिकाण

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. मे महिन्यात शाळेला सुटी म्हणून निघायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ताज्या मोठ्या माशाची अपेक्षा त्या काळात विशाखापट्टणमला ठेवू नका. कोकणात बंदी १ जूनपासून, त्यामुळे मे महिन्यात मासा मिळतो, पण हवा सोसत नाही. ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात तरलेलं आपलं शरीर तिथल्या ३४ अंशांत घामाने निथळतं, आणि ज्या कूलरवर आपला उन्हाळा निघतो तो त्या हवेत कुचकामी. एसी नसलेली खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

दिवाळीच्या सुटीत बंगालच्या उपसागरावर वादळांचा हंगाम असतो. हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं ते १२ ऑक्टोबर २०१४ रोजी. जाऊच नका असं नाही, पण परत न मिळणारं बुकिंग करू नका. पावसाळ्यात कोकण हिरवंगार आणि फार सुंदर, पण किल्ल्याची बोट, स्कूबा, वॉटर स्पोर्ट्स सगळं बंद. नाताळ ते नववर्ष गोव्याचे दर ऐकून घरीच बसावंसं वाटतं. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर तिन्ही ठिकाणी चांगला.

खोलीचं बुकिंग आणि सोबत

दोन मैत्रिणी जाणार असाल तर फोनवर विचारायची पहिली गोष्ट: पलंग वेगळे आहेत का? ‘डबल’ म्हटलं की एकच मोठा पलंग देतात. घोरणारी आणि सावध झोपणारी अशी जोडी असेल तर दुसऱ्या रात्रीनंतर मैत्रीची परीक्षाच. ‘सी व्ह्यू’ आणि ‘सी फेसिंग’ यातही फरक आहे. गच्चीच्या कोपऱ्यातून वाकल्यावर दिसणाऱ्या निळ्या रेघेलाही काही ठिकाणी व्ह्यू म्हणतात. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. म्हणजे ७,४०० आणि ७,८०० यांतला खरा फरक चारशेचा नाही, तो कर धरून दीड हजारांच्या घरात जातो. जेवणासकटचं पॅकेज दक्षिण गोव्यातल्या एकाकी रिसॉर्टमध्ये परवडतं, कारण बाहेर जेवायला जायचं तर पुन्हा टॅक्सी. कळंगुट आणि विशाखापट्टणमला नाश्त्यापुरतंच घ्या, बाहेर खायला भरपूर आहे. देवबागला पॅकेजचा प्रश्नच येत नाही, काकी आहेतच.

निवड करायचीच तर माझं मत सांगते. सुटी मोजून चार दिवसांची आणि खिशात विमानाचे पैसे असतील तर मोपाला उतरून तारकर्ली. पण सोबतची बाई संध्याकाळी सातनंतर ‘आता काय करायचं?’ असं विचारणारी असेल तर तिला तिथे मुळीच नेऊ नका, कारण सातनंतर देवबागात जेवण आणि झोप एवढंच असतं. तिच्यासाठी कांदोळी. विमान परवडत नसेल, पाच दिवस असतील आणि दोघींपैकी एकीला जरी फिरण्याचा सोस असेल तर विशाखापट्टणम. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा फेब्रुवारीत जायचं असेल तर डिसेंबर उजाडताच दोघींनी एकदा बसून तारखा पक्क्या करा, आणि तिकीट कोण काढणार तेही त्याच वेळी ठरवा.