नवी मुंबईची सीनरी: नुसतं फ्लॅटन करायचं की डीईएमलाच हात घालायचा?

फ्लाइट सिम्युलेटरसाठी नवी मुंबई एअरपोर्टची सीनरी (एअरपोर्ट आणि आजूबाजूच्या जमिनीचं थ्रीडी मॉडेल) बनवायला घेतलीय आणि गाडी उलव्याच्या टेकडीपाशी अडलीय, असं असेल तर दोष तुमच्या सिमचा नाही, जमिनीच्या उंचीचा डेटा, म्हणजे डीईएमच जुना आहे. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर शटलवरून 11 दिवसांत केलेली रडार मोजणी. युरोपच्या कोपर्निकसचा जीएलओ-30 डीईएम नवा वाटतो खरा, पण त्याचाही डेटा 2011 ते 2015 मधला, आणि एअरपोर्टसाठी टेकडी फोडली ती त्यानंतर. म्हणजे यातलं काहीही घ्या, साधारण 90 मीटरची टेकडी एअरपोर्टच्या हद्दीत जशीच्या तशी उभी, आणि तुम्ही तिथे 3,700 मीटरचा रनवे टाकणार.

सोपा रस्ता फ्लॅटनचा, म्हणजे एअरपोर्टच्या हद्दीतली जमीन सपाट करून टाकायची. एक्स-प्लेन सिमवाल्यांनी त्याच्या वर्ल्ड एडिटर या सीनरी बनवायच्या टूलमध्ये 'ऑलवेज फ्लॅटन'वर टिक मारायची, झालं काम. सांताक्रूझसारख्या एअरपोर्टला हे मस्त चालतं कारण आजूबाजूची जमीनही जवळपास त्याच उंचीची, कडा कुठे सुरू होते कळतही नाही (मिठी नदी रनवेखालून जाते तो भाग सोडा, तो फ्लॅटनने सुटणार नाही). शिवाय फाइल छोटी, दुसऱ्याला पाठवायला सोपी, कुणाच्या मेशशी (जमिनीचा आकार ठरवणाऱ्या जाळीशी) भांडण नाही. पण उलव्याला हेच केलं तर हद्दीच्या आत सगळं सपाट आणि हद्दीबाहेर टेकडीचा उरलेला भाग केक कापल्यासारखा उभा, फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) येताना नेमकं तेच डोळ्यात खुपतं.

एमएसएफएसमध्ये (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये) मात्र गणित वेगळं आहे. तिथे टेरेन (जमीन) इंटरनेटवरून स्ट्रीम होऊन येतं, आपण डेव्ह (डेव्हलपर) मोडमध्ये त्याच्यावर टेराफॉर्मिंगचा, म्हणजे जमिनीला आकार द्यायचा पॉलिगॉन टाकतो, उंची देतो आणि फॉलऑफ (कडेचा उतरता पट्टा) वाढवला की कडेचा उतारही होतो, आणि हे सगळं समोर दिसत असताना. तुम्ही फक्त एमएसएफएसवाले असाल तर बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पॉलिगॉनच वापरा.

आता दुसरा रस्ता, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीईएम बदलून ऑर्थो4एक्सपी या टूलने एक्स-प्लेनसाठी टाइल (एक अंश बाय एक अंशाचा जमिनीचा तुकडा) बनवायची. यात वेळ जातो पण टेकडी खरंच जाते. डेटा घेताना माझं मत सरळ कोपर्निकस, कारण एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच असते, 4 नाहीतर 5, मधलं काही नाही, त्यामुळे खाडीकाठच्या सपाट जमिनीवर एकेक मीटरच्या पायऱ्या पडतात. कोपर्निकसमध्ये दशांश मिळतात. इमारती आणि खारफुटी मात्र दोन्हीकडे जमीन म्हणूनच मोजल्या जातात, ते नको असेल तर फॅबडेम हा डीईएम बघा, त्यात झाडं आणि इमारती काढून टाकल्यात, फक्त लायसन्स नॉन-कमर्शियल आहे, म्हणजे पेवेअर सीनरी विकायची असेल तर विसरा. इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडीईएमही फुकट आहे, आपल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाचा, पण त्यातली उंची समुद्रसपाटीऐवजी एलिप्सॉइडवरून (पृथ्वीच्या गणिती आकारावरून) मोजलेली, मुंबईच्या किनाऱ्याला ती साधारण उणे 60 च्या घरात दिसते, ते आधी दुरुस्त केल्याशिवाय वापरू नका.

एडिट करताना आधी दोन टाइल जोडा, एन18ई073 आणि एन19ई073, कारण 19 अंशांची रेघ एअरपोर्टच्या अगदी जवळून जाते आणि एकाच टाइलमध्ये बदल केला तर सांध्यावर पायरी उभी राहते. मग एअरपोर्टचा पॉलिगॉन काढून त्यात हवी ती उंची जीडॅल रास्टराइझ या कमांडने बर्न करा (डीईएममध्ये लिहा), आणि त्याच्या बाहेर आठदहा पिक्सेलचा पट्टा मुद्दाम नोडेटा (रिकामा) करून फिल नोडेटा हे आजूबाजूवरून उंची भरणारं टूल चालवा. एक पिक्सेल साधारण 30 मीटरचा, म्हणजे अडीचशे-तीनशे मीटरमध्ये उतार आपोआप जुळतो, हाताने एकेक आकडा भरत बसायची गरज नाही. नंतर परत दोन टाइल कापून ऑर्थो4एक्सपीच्या कस्टम डीईएमच्या रकान्यात फाइलचा पाथ द्या.

तोटा मोठा आहे तो असा की एक्स-प्लेन एका टाइलसाठी एकच बेस मेश वापरतं. तुमची टाइल दुसऱ्याने टाकली आणि त्याच्याकडे त्याच भागाची स्वतःची ऑर्थो टाइल आधीच असेल तर दोघांपैकी एकच दिसणार, आणि 'तुमच्या सीनरीत टेकडी तशीच आहे' असे मेसेज तुम्हालाच येणार.

म्हणून स्वतःपुरतं उडवायचं असेल आणि एक्स-प्लेन असेल तर डीईएम बदलाच, एका रविवारचं काम आहे. लोकांमध्ये वाटायचं असेल तर फ्लॅटन असलेलं एअरपोर्ट हेच मुख्य पॅकेज ठेवा आणि मेश वेगळं, ऑप्शनल म्हणून द्या. सांताक्रूझ किंवा जुहू करताय? तिथे डीईएमच्या नादी लागूच नका.