डॉकिंग स्टेशन घ्यावं की हातानेच कॅलिब्रेशन करावं?

फोर-गॅस डिटेक्टर म्हणजे हवेतला ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) मोजणारं छोटं यंत्र. त्याचे आकडे बरोबर आहेत ना हे तपासून जुळवायचं म्हणजे कॅलिब्रेशन, आणि ते आपोआप करणारी पेटी म्हणजे डॉक. असे डिटेक्टर वापरणाऱ्या कारखान्यात हा विषय कधी ना कधी निघतोच. मी दोन्ही वापरलंय.

डॉकचा फायदा खरा आहे. सकाळी शिफ्ट लागताना सगळ्यांना कामाचं परमिट एकदमच हवं असतं, म्हणजे डिटेक्टरही एकदमच तपासायचे. डिटेक्टर डॉकमध्ये ठेवला की बंप टेस्ट (थोडा गॅस देऊन सेन्सर दाद देतो का ते पाहणं) आपोआप होते, नोंदही राहते. हाताने करायचं तर रजिस्टर आलं, आणि रजिस्टरात ‘ओके’ कसे पडतात हे आपण सगळेच जाणतो.

माझं घोडं अडलं ते झीरोवर, म्हणजे शुद्ध हवेत गॅसचे आकडे शून्यावर आणण्यावर. साधा डॉक झीरो करताना खोलीतलीच हवा ओढतो. आमचा होता शिफ्ट ऑफिसात, कारण प्लग आणि एसी तिथेच. कुणी सॅनिटायझरने टेबल पुसलं की अल्कोहोलची वाफ सीओच्या सेन्सरला सीओसारखीच वाटते. डॉक तीच हवा शुद्ध समजतो, ‘पास’ म्हणून मोकळा होतो, आणि डिटेक्टर बाहेर नेला की सीओ उणे दिसतो. उणे दिसला तर नशीब. काही मॉडेल त्या जागी शून्यच दाखवतात. मग खरा सीओ तेवढाच कमी दिसतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. हवेची नळी खिडकीबाहेर काढून पाहिली, तर तिथे डिझेलची फोर्कलिफ्ट उभी!

हाताने करताना मी डिटेक्टर मोकळ्या हवेत नेऊन झीरो करतो आणि मग भिंतीच्या आडोशाला स्पॅन, म्हणजे सेन्सरवर टोपी बसवून सिलिंडरमधलं ठरलेल्या प्रमाणाचं गॅसचं मिश्रण द्यायचं आणि आकडे त्याच्याशी जुळवायचे. मिश्रण नेहमीचंच: एचटूएस 25 पीपीएम, सीओ 100, मिथेन 50 टक्के एलईएल (हवेत पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या निम्मं), ऑक्सिजन 18 टक्के. रेग्युलेटर मिनिटाला अर्धा लिटरचा. आकडा डोळ्यांदेखत चढतो. एचटूएस 20 पर्यंत झपकन येऊन पुढे रेंगाळायला लागला की तो सेन्सर म्हातारा झालाय हे मला कळतं. आमच्या डॉकच्या हिरव्या दिव्यात ते दिसत नसे.

अर्थात हाताचं काम हातावरच अवलंबून. टोपी सैल बसली की वारा शिरून गॅस पातळ होतो, आपण मात्र 25 सांगून मोकळे, आणि मग डिटेक्टर दिवसभर उगाच बोंबलतो. साधी रबरी नळी एचटूएस शोषून घेते, टेफ्लॉनच्या अस्तराचीच घ्यावी. बंद केबिनमध्ये गॅस सोडू नये. आणि लायटरचा गॅस मारून ‘चालतोय बघा’ म्हणणाऱ्याच्या हातात डिटेक्टर देऊच नये, एलईएलचा सेन्सर त्याने बिघडू शकतो.

तुमच्याकडे एकाच कंपनीचे तीस-चाळीस डिटेक्टर असतील तर कदाचित डॉकच सोयीचा पडेल. आमच्याकडे प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर वेगळी कंपनी घेऊन येतो आणि डॉक दुसऱ्याचा डिटेक्टर घेत नाही, त्यामुळे माझा कल टोपीकडेच. डॉक घेतलात तर झीरो एअरचा (शुद्ध हवेचा) सिलिंडर पहिल्याच ऑर्डरमध्ये टाका. नंतर मागितला की परचेसवाले विचारतात, ‘हवेचे कसले पैसे?’