चार आण्यांची वेबसाइट, बारा आण्यांचा मसाला: २२ महिन्यांच्या वापरानंतर

वेबसाइट करायला घेतली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा होता, २८,००० रुपये. तेवढे एकदा दिले की सुटलो, असं वाटत होतं. आज वही उघडून बसले तर दुसऱ्या वर्षाचा नुसता सांभाळायचा खर्च ३२,१४१ निघाला. बांधण्यापेक्षा सांभाळणं महाग. हे आधी कुणी सांगितलं असतं तरी वेबसाइट मी केलीच असती, फक्त वेगळ्या पद्धतीने. म्हणून हा हिशोब.

आमचा व्यवसाय घरगुती. अमळनेरला सासूबाईंच्या हाताखाली सहा बाया उन्हाळाभर बिबडे, उडदाचे पापड, कुरडया करतात. काळा मसाला बारा महिने चालतो. सासूबाईंना सगळी गल्ली जिजी म्हणते, मीसुद्धा. हिशोब, पॅकिंग आणि फोन माझ्याकडे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गावात ९७वं मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आम्ही ओट्यावर टेबल मांडलं. बाहेरगावच्या लोकांना पापड ठाऊक, बिबडे नाही. ज्वारी भिजवायची, आंबवायची, शिजवायची, त्यात तीळ, लसूण, मिरची, मग ओल्या कापडावर थापायचं, हे प्रत्येकाला नव्याने सांगत होते. पंधरा दिवसांनी पुण्याहून, नागपूरहून फोन यायला लागले. प्रत्येकाचा प्रश्न तोच: "ताई, वेबसाइट आहे का तुमची?"

विप्रोची सुरुवात १९४५ साली ज्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, त्या गावात वेबसाइट करून देणारा माणूस शोधायला मला तीन आठवडे लागले.

तीन कोटेशनं आली. एक ६,९९९ चं, त्यात 'लाइफटाइम होस्टिंग फ्री', म्हणजे इंटरनेटवर साइट ठेवायची जागा कायमची फुकट. लाइफ कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं. एक पुण्याच्या एजन्सीचं, ८५,०००. त्यात एसएसएलचे, म्हणजे साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे, वेगळे २,५०० लावलेले. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं असं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते ९० दिवसांचं असलं तरी बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं, हे मला नंतर कळलं. तिसरं जळगावच्या एका मुलाचं, २८,०००: वर्डप्रेस (साइट बांधायला), वूकॉमर्स (तिच्यावर दुकान मांडायला), २५ वस्तू, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय), एक वर्षाचं डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग, तीन महिने मोफत दुरुस्ती. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, म्हणजे पैसे जातात ते हातकामाचे. मुलगा कामाचा होता. त्याला दिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, १० मे २०२४ रोजी, साइट सुरू झाली.

कोटेशनमध्ये काय आहे ते मी दहा वेळा वाचलं, काय नाही ते एकदाही नाही. फोटो त्यात नव्हते. मजकूर नव्हता. मी गच्चीवर मोबाइलने फोटो काढले, तर बिबडे शेणाच्या गोवऱ्यांसारखे दिसायला लागले. हसू नका, एका गिऱ्हाइकाने खरंच तसं लिहून पाठवलं होतं. शेवटी लग्नसराई आटोपल्यावर आषाढात गावातल्या फोटोग्राफरला बोलावलं. तेव्हा त्याला काम नसतं, ४,५०० मध्ये सगळ्या वस्तू झाल्या. त्याने दिलेला एकेक फोटो पाच-सहा एमबीचा, मी होते तसे चढवले आणि साइट रांगायला लागली. दीडशे केबीच्या आत आणून पुन्हा चढवले, तेव्हा ती चालायला लागली. या कामाला पैसा लागत नाही, दोन रात्री लागतात.

मजकुराची वेगळीच गंमत. लेबलांवरचा मजकूर प्रेसवाल्याकडे होताच, म्हटलं तोच टाकू. त्याची फाइल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, सगळीकडे सारखं दिसणारं युनिकोड नाही. साइटवर चिकटवला तर 'ज्वारीचे बिबडे' च्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा काला. सगळं पुन्हा टाइप केलं. वस्तूंची नावं रोमन अक्षरांतही घातली, कारण लोक गुगलवर मराठी शब्दही इंग्रजी कीबोर्डनेच शोधतात.

आता कुरडईची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त हात इथे पोळले. साइटवर कुरिअरचा खर्च वजनावर लावला होता. दोन किलो कुरडई, दोन किलोचे पैसे. पण कुरडई हलकी आणि फुगीर, दाबून भरली तर चुरा. तिला ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा खोका लागतो. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून ५,००० ने भागतात आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आमच्या खोक्याचं येतं ४.८ किलो. गिऱ्हाइकाकडून दोन किलोचे घ्यायचे, कुरिअरला पाच किलोचे द्यायचे! एका खोक्यामागे दोनशे-सव्वादोनशे खिशातून. महिन्याचं बिल हातात येईपर्यंत असे अकरा खोके गेले होते. मापावरून दर लावणारं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, घ्यावं लागलं, वर्षाला ४,७०० रुपये. कोटेशनमध्ये 'शिपिंग सेटअप' लिहिलं होतं आणि त्याने ते केलंही होतं. कुरडई कशी असते हे त्याला सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. काम देताना आपला सगळ्यात अडचणीचा माल त्या माणसाच्या पुढ्यात ठेवावा, नुसती यादी देऊ नये.

तीन महिन्यांची मोफत दुरुस्ती संपल्यावर प्रत्येक बारीक बदलाचे ३००-५०० लागायला लागले. वर्षअखेर ते ३,६०० झाले. पहिलं वर्ष एकूण ४०,८००.

आणि मग एप्रिल २०२५. आमचा वर्षातला खरा हंगाम. वाळवणं घरात आलेली, आखाजी ३० तारखेला. लेकी माहेरी येतात, परत जाताना पिशव्या भरून नेतात, आणि ज्यांना येता येत नाही त्या साइटवरून मागवतात. २४ तारखेला सकाळी नणंदेचा फोन: "वहिनी, तुमच्या साइटवर हे कसल्या जाहिराती येताहेत?" उघडली तर आमचं दुकान गायब, जागेवर परक्या जाहिरातींचं पान. डोमेनची मुदत संपली होती. डोमेन होतं त्या मुलाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, आणि त्याला मधल्या काळात बेंगळुरूला नोकरी लागलेली. मुदतीचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून होते.

जिजींना काय सांगावं कळेना. त्यांनीच विचारलं, "दुकानले कुलूप लागी गयं का?" अगदी तसंच होतं, आणि किल्ली बेंगळुरूला.

मुलगा सज्जन निघाला, दुसऱ्या दिवशी फोन उचलला, पैसे भरले. पण सगळं सुरळीत व्हायला सहा दिवस गेले, म्हणजे आखाजी उजाडलीच. त्या धावपळीत जे शिकले ते असं: डॉट कॉमची मुदत संपल्यावर बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्या दरात भरू देतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात नावाच्या किमतीवर भरभक्कम दंड. मग पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते नाव जगातल्या कुणालाही घेता येतं. पुढच्याच आठवड्यात त्याच कंपनीत माझ्या नावाचं खातं उघडून डोमेन तिकडे वळवून घेतलं. फुकट आणि पाच मिनिटांत झालं. पहिल्या दिवशीही फुकट आणि पाच मिनिटांतच झालं असतं.

डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे, तिन्ही खाती आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइल नंबरवर. करून देणारा सख्खा भाऊ असला तरी.

दुसऱ्या वर्षाची बिलं आली तेव्हा ऑफरचा अर्थ कळला. मोठ्या अक्षरातला दर पहिल्या वर्षाचा असतो, नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरात. होस्टिंग महिना ३८९ प्रमाणे ४,६६८, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५,५०८. डोमेन १,२९९, करासह १,५३३. कुरिअरचं प्लगइन पुन्हा ४,७००. त्याशिवाय देखभालीचा करार केला, धुळ्याच्या एका बाईंशी, महिना १,०००. तो का केला ते सांगते. एका शनिवारी संध्याकाळी मी हौसेने सगळी अपडेटं एकदम दाबली आणि कार्टचं पान कोरं पडलं. बॅकअप होता, पण त्याच होस्टिंगवर, आणि तो परत बसवायचा कसा हे मला येत नव्हतं. आता त्या बाई आठवड्याला बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवतात, अपडेट आधी साइटच्या नकलेवर करून बघतात. हे १२,००० मला अजिबात जड जात नाहीत.

जड जातात ते ८,४००. हे जीएसटीचे, आणि वेबसाइटच्या बजेटमध्ये हा आकडा कुणीच धरत नाही. आमच्याकडे गल्लीतलं एक तरी घर सुरतला असतंच. इतकी वर्षं उधन्याला, लिंबायतला माल जायचा तो भुसावळ-सुरत गाडीने, ओळखीच्या माणसाच्या हातात डबा देऊन. साइट सुरू झाली आणि सुरतहून रीतसर ऑर्डरी, रीतसर बिलं. पापडाला जीएसटी नाही, मग त्याला कुठल्याही नावाने ओळखा, म्हणजे बिबडेही सुटले. मसाल्याला मात्र ५ टक्के आहे, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी घ्यावीच लागते. सीएंची फी महिना ७००. नुसते पापड विकत असतो तर ही भानगडच नव्हती. एका मसाल्यापायी! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात ते आमच्या घरी अक्षरशः खरं झालं.

ही दुसऱ्या वर्षाची सगळी बेरीज: ३२,१४१. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवरचा जीएसटी यात नाही, तो मी मालाच्या हिशोबात धरते. ६४० च्या ऑर्डरला साधारण १५ रुपये जातात.

काही खर्च वाचलेही. सुरुवातीला रोज फोन यायचे, 'गुगलमधून बोलतोय, तुमची साइट पहिल्या पानावर आणतो, १२,००० भरा'. गुगल असे फोन करून पैसे मागत नाही. गुगलवर दुकान आणि साइट दिसावी म्हणून लागणारी त्यांचीच बिझनेस प्रोफाइल आणि सर्च कन्सोल दोन्ही फुकट आहेत, मी स्वतः बसून केली. फॉन्टलाही पैसे लागले नाहीत, 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट फुकट आहे आणि जोडाक्षरं छान दिसतात. मात्र प्रत्येक वस्तूच्या पानावर एमआरपी, निव्वळ वजन, आमचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, नंबर टाकायचं काम कंटाळवाणं होतं. ते टाळता येत नाही, कायद्याने लागतं.

मिळालं काय? २२ महिन्यांत ६११ ऑर्डरी, सरासरी ६४० रुपयांच्या. माझ्या हिशोबाने नफा ८६,००० च्या आसपास. दोन वर्षांचा खर्च ७२,९४१, त्यात यायचे दोन महिनेही धरलेत. राहिले १३,०००. माझी रात्रीची जागरणं मोजली तर तेही राहत नाहीत. पण ठाण्याच्या एका दुकानदाराला आम्ही याच साइटवरून सापडलो, तो महिन्याला १५ किलो मसाला नेतो, आणि ती विक्री वरच्या आकड्यात नाही. माझ्या लेखी साइट तिथे वसूल झाली.

ज्यांचं गिऱ्हाईक गावातलं आणि ओळखीचं आहे, त्यांनी व्हॉट्सॲप कॅटलॉगवरच राहावं, माझं मत. ज्यांना बाहेरगावी विकायचंय पण हाताशी सांभाळणारं कुणी नाही, त्यांनी महिन्याच्या भाड्याने मिळणारं तयार ऑनलाइन दुकान घ्यावं. वर्षाला पैसे जास्त जातात, पण शनिवारी संध्याकाळी कार्ट कोरं पडलं तर ते दुरुस्त करणं दुकान देणाऱ्याचं काम असतं. आम्हाला आता आमचीच साइट बरी वाटते, पण ती तशी वाटायला दीड वर्ष लागलं.

आता दर महिन्याला २,७०० रुपये वेगळ्या खात्यात टाकते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, डोमेन आणि होस्टिंगच्या तारखांना लाल गोल केलेत, आणि त्याच्या महिनाभर आधी एकेक हिरवा. या वेळी हिरव्या गोलालाच डोमेन भरून टाकलं, तेही एकदम तीन वर्षांचं. जिजी शेजारी पापडाचं पीठ कुटत होत्या. तीन वर्षांचं ऐकून मुसळ थांबलं.

"तीन सालनं? मंग पापडखार बी तीन सालना लई ठेवू का?"