सायकल लेनसाठी स्प्रिंग पोस्ट: घेताना काय बघावं, बसवताना काय चुकतं

आहे त्या रस्त्यावर सायकलसाठी जागा राखायची तर झटपट आणि कमी खर्चात मिळणारी वस्तू म्हणजे नारिंगी स्प्रिंग पोस्ट, म्हणजे धक्का बसला की वाकून पुन्हा सरळ होणारा खांब. साधारण ७५ सेंटिमीटर उंच, खाली गोल बेस, बेसला तीन बोल्टची भोकं, अंगावर पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ चॅलेंजनंतर अनेक शहरांत तात्पुरत्या लेन आखल्या गेल्या, तेव्हापासून हा खांब सायकलवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा झाला. गाडी अडवण्याची ताकद त्याच्यात नाही. चालकाला लेनची कडा रात्रीही दिसावी, हे त्याचं काम, आणि नीट बसवला तर तो ते चोख करतो.

दुकानात सगळे पोस्ट सारखेच दिसतात, म्हणून हातात घेऊन बघा. बेसवर पाय ठेवून खांब जमिनीपर्यंत वाकवा आणि सोडा. चांगला पीयूचा (पॉलियुरेथेन, रबरासारखं लवचिक प्लास्टिक) खांब लगेच सरळ उभा राहतो. हलक्या प्लास्टिकचा अर्धवट कललेला राहतो, किंवा बेस आणि नळी जिथे जुळतात तिथे पांढरी रेघ उमटते. उन्हाने प्लास्टिक कडक झालं की तो त्याच रेघेवर तुटतो. रिफ्लेक्टिव्ह पट्टी खाचेत बसवलेली हवी. नुसती वरून चिकटवलेली पट्टी पावसाळ्यात कडेने सुटायला लागते, आणि पट्टी गेली की अंधारात हा खांब सायकलवाल्यालाच धोक्याचा.

सर्वांत जास्त गडबड होते ती बोल्टमध्ये. सिमेंटच्या रस्त्यावर साधा अँकर फास्टनर (भोकात फुगून अडकणारा बोल्ट) घट्ट धरतो. डांबरात तोच फास्टनर फुगताना कडेची खडी ढकलतो, उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं आणि गाडीचा धक्का बसला की खांब बोल्टसकट उपटून येतो. डांबरासाठी केमिकल अँकर वापरा, म्हणजे रेझिनने (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) भोकात चिकटवलेला बोल्ट. भोक पाडल्यावर आतली धूळ ब्रश आणि हवेने पूर्ण काढा, मग रेझिन भरा, आणि ते सुकेपर्यंत लेन बंद ठेवा. धूळ राहिली तर रेझिन डांबराला चिकटत नाही, धुळीला चिकटतं.

दुसरी चूक जास्त घातक आहे. खांब तुटतो, पण रस्त्यातून दोन-तीन सेंटिमीटर वर आलेले तीन बोल्ट तसेच राहतात. राखी रस्त्यावर राखी लोखंड, दिवसाही पटकन दिसत नाही. सायकलचं चाक त्यावर गेलं की टायर फाटतो, किंवा हँडल वळून माणूस थेट गाड्यांच्या बाजूला पडतो. म्हणून आतून आटे असलेले सॉकेट जमिनीशी समतल बसवून घ्या. खांब गेला तर बोल्ट फिरवून काढता येतो, वर काही उरत नाही, आणि नवा खांब त्याच भोकांत बसतो.

जागा आखताना सायकलच्या हँडलची रुंदी धरा, साठ-सत्तर सेंटिमीटर. एकाने दुसऱ्याला ओलांडायचं तर मोकळी दोन मीटर जागा हवी. खांब या दोन मीटरच्या बाहेर, रंगवलेल्या अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात बसवा. लेनच्या रेघेवरच बसवले तर हँडल घासतं आणि लोक लेन सोडून बाहेरून चालवतात. दोन खांबांत दोन मीटर अंतर ठेवलं तर कार आत घालून उभी करता येत नाही. पाच मीटर ठेवलं तर संध्याकाळी लेनचं पार्किंग झालेलं दिसेल. दुचाकी मात्र कुठल्याही अंतरातून घुसते, ती खांबांनी थांबत नाही. तिथे वाहतूक पोलिसांची कारवाईच लागते. लेनच्या तोंडाशी मधोमध खांब रोवू नका, कारण तीनचाकी हातसायकल वापरणाऱ्यांची वाट अडते.

चौकातला पहिला खांब नेहमी आधी जातो, कारण डावीकडे वळणाऱ्या बसचं मागचं चाक आत कापतं. खांबांची रांग वळणाच्या आधीच थांबवा आणि पुढे लेनला ठळक रंग द्या. बसथांब्यावर तर खांबांचा उपयोगच नाही. तिथे लेन थांब्याच्या मागून न्यावी लागते. वेगवान, अवजड वाहतुकीच्या रस्त्यावर आम्ही नुसते स्प्रिंग पोस्ट सुचवणार नाही. तिथे काँक्रीटचा कर्ब (उंच कठडा) हवा.

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर २०२० मध्ये खांब लावून लेन केली होती. पुढे त्याच रस्त्यावर मेट्रोचं काम आलं आणि लेन टिकली नाही. खांब जितक्या सहज बसतात तितक्याच सहज निघतात, हे खरेदीआधी नागरिकांनीही लक्षात घ्यावं.

ऑर्डर देताना शंभर खांबांमागे वीस जास्तीचे मागा, सॉकेटच्या मापाचे बोल्ट वेगळे घ्या, आणि तुटलेला खांब किती दिवसांत बदलायचा हे कंत्राटात लिहून घ्या. लेन झाडण्याचं कामही त्यातच घाला. खांबांमुळे झाडणारी मोठी गाडी आत येत नाही, आणि वाळू व काचा थेट सायकलच्या वाटेत साचतात.