काळ्या खिडकीला गाडीचं नाव: आठ महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. बॅकअप, बारकोड, हजेरी अशी तीन कामं विंडोजच्या बॅच फाइलवर (ओळीनं कमांड लिहिलेली फाइल, काळ्या खिडकीत चालते) चालतात. टास्कबारवर तिन्ही खिडक्या सारख्याच, काळ्या. व्हायरस समजून कुणीतरी एकदा बॅकअपच बंद केला.

म्हणून खिडकीला नाव देणारी 'टायटल' कमांड वापरून वरच्या पट्टीत लिहिलं, 'बंद करू नका'. आमच्याकडे अशी पाटी वाचून कोण थांबतंय? चार दिवसांत पुन्हा बंद. मग आमच्या गाड्यांची नावं घेतली: रात्रीच्या बॅकअपला 'सिद्धेश्वर एक्स्प्रेस' (रात्रीची मुंबईची गाडी) आणि सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपणाऱ्या हजेरीला 'हुतात्मा' (सकाळची पुण्याची). त्यानंतर कुणी हात लावला नाही. उलट अकाउंटवाले काका जाताना विचारतात, "सिद्धेश्वर सुटली का रे?"

मराठी नावासाठी फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं साठवणारी पद्धत), पण बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) सेव्ह करायची. बीओएम राहिला तर पहिलीच ओळ एरर देते. सुरुवातीला 'सीएचसीपी ६५००१' घालायचं, म्हणजे खिडकी यूटीएफ-८ वाचते. जुन्या कन्सोलमध्ये (म्हणजे त्या काळ्या खिडकीत) आतली मराठी अक्षरं तुटतात, वरच्या पट्टीत मात्र काना-मात्रा जागच्या जागी.

त्रासही झाला. 'चादर & टॉवेल' लिहिलं तर & पुढचा भाग वेगळी कमांड समजला गेला; त्याच्याआधी ^ लावावं लागतं. लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात) 'फाइल १२, १३' असा आकडा नावात दाखवायचा होता, पण तो पहिल्याच आकड्यावर अडकला. डिलेड एक्स्पान्शन (आकडा दर फेरीला नव्यानं वाचायची सोय) चालू करून %च्या जागी ! टाकल्यावर हलला. यात एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसरा प्रोग्राम उघडणाऱ्या 'स्टार्ट' कमांडचा घोळ आणखी वेगळा: अवतरणातला पहिला मजकूर तो खिडकीचं नाव धरतो, त्यामुळे प्रोग्रामचा पाथ (तो कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता) तसा अवतरणात दिला की रिकामी काळी खिडकी उघडते. पाथच्या आधी नुसतं "" टाकायचं.

सगळ्यात कामाची गोष्ट मी ठरवून केलेलीच नाही. खिडकीत चुकून क्लिक झालं की नावापुढे 'सिलेक्ट' लागतं आणि स्क्रिप्ट पुढची ओळ छापायला गेली की तिथंच खोळंबते. आता 'सिलेक्ट सिद्धेश्वर एक्स्प्रेस' दिसलं की काका लांबूनच ओरडतात, "गाडी सिग्नलला थांबली बे!" एस्केप दाबला की सुटते.

ॲडमिन म्हणून चालवलं तर नावाआधी 'ॲडमिनिस्ट्रेटर:' चिकटतं, मग नाव देऊन 'टास्ककिल' (प्रोग्राम बंद करणारी कमांड) केलं तर खिडकी सापडत नाही. बारकोडच्या खिडकीला अजून गाडी मिळालेली नाही. काका म्हणतात, मालगाडी ठेव.