भावनांचा तक्ता की घरातले बोलणे?

चार ते आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या भावना ओळखता याव्यात आणि त्यांना नाव देता यावे, असे वाटणाऱ्या पालकांपुढे साधारणपणे दोन पर्याय असतात. हसऱ्या, रडव्या, रागीट आणि घाबरलेल्या चेहऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावून मुलाला रोज एका चेहऱ्यावर बोट ठेवायला सांगणे हा पहिला. असे कोणतेही साधन न आणता, प्रसंग घडत असताना किंवा घडून गेल्यावर मुलाशी त्याविषयी बोलणे हा दुसरा. मी वर्गात पहिला आणि घरात दुसरा असे दोन्ही वापरले असून माझा कल दुसऱ्याकडे आहे. मात्र पहिला पर्याय जिथे निःसंशय सरस ठरतो अशाही जागा आहेत.

भावनेला नाव दिल्याने काय साधते, हे आधी पाहावे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, छायाचित्रातल्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द देताना सहभागी व्यक्तींच्या मेंदूतील अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावलेली आढळली. हे सहभागी प्रौढ होते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा बालवाडीतल्या मुलाला लावणे घाईचे होईल. तरीही ज्याला नाव आहे ते थोडे आवाक्यात येते, हा अनुभव रडून थकलेल्या मुलाला मांडीवर घेतलेल्या कोणालाही नवा नाही.

तक्त्याची मोठी सोय अशी की त्याला शब्द लागत नाहीत. तीस मुलांच्या वर्गात शिक्षिकेला प्रत्येकाशी सकाळी पाच मिनिटे बोलता येत नाही. मुलांनी तक्त्यावरच्या आपापल्या चेहऱ्याला लावलेले कपड्यांचे चिमटे मात्र एका नजरेत वाचता येतात. महिनाभर वर्गात चकार शब्द न काढणाऱ्या एका मुलीने सलग तीन दिवस आपला चिमटा रडव्या चेहऱ्याला लावला, तेव्हा कुठे तिची आजी इस्पितळात असल्याचे आम्हाला कळले. बोलायला उशिरा लागलेल्या किंवा स्वमग्न मुलांना चित्राचा आधार शब्दापेक्षा अधिक जवळचा वाटू शकतो, आणि अशा मुलाच्या पालकांनी तक्त्यापासूनच सुरुवात करावी.

त्याच तक्त्याची दुसरी बाजू त्याच वर्गात दिसली. हसऱ्या चेहऱ्याला चिमटा लावला की 'शाब्बास' मिळते, हे मुलांनी आठवड्याभरात हेरले आणि पुढे सगळे चिमटे हसऱ्या चेहऱ्याखाली दाटीवाटीने लटकू लागले. दोष अर्थातच आमच्या 'शाब्बास'चा होता.

अधिक खोल अडचण शब्दांची आहे. बाजारातले बहुतेक तक्ते मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा मूळ भावनांच्या यादीभोवती फिरतात. (नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायीभावांपैकी हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे सहा या यादीशी जवळजवळ जुळतात, रती आणि उत्साह तेवढे उरतात.) परंतु आपले मूल दिवसभर जे अनुभवते ते या सहांत मावत नाही. मूल रुसते, आणि रुसण्यात रागाइतकीच कोणीतरी समजूत काढावी ही अपेक्षा असते. पावसामुळे फेरीला जाणे रद्द झाले की ते हिरमुसते. पाहुण्यांसमोर कविता विसरली की ओशाळते. हे शब्द घरातल्या बोलण्यातूनच कानावर पडतात. शिवाय 'मला राग आला', 'मला भीती वाटते' अशी आपली वाक्यरचनाच भावनेला बाहेरून आलेली मानते. जे आले ते जाणारही आहे, हे मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या गोव्यात त्यात आणखी एक पदर येतो. शाळेत मराठी किंवा इंग्रजी, आणि आजीशी कोकणी, असे अनेक घरांत चालते. गेल्या दिवाळीच्या आदल्या रात्री पाच वर्षांच्या पुतण्याला घेऊन आम्ही वाड्यावरचा नरकासुराचा भलामोठा पुतळा पाहायला गेलो. ढोलताशांच्या आवाजात त्याने माझे बोट घट्ट धरले होते, आणि तरीही तो मला पुढेच ओढत होता. घरी आल्यावर मी त्याच्यापुढे चेहऱ्यांची कार्डे मांडली. त्याने हसऱ्यावर बोट ठेवले, मग घाबरलेल्यावर ठेवले आणि शेवटी कार्डे बाजूला सारली. आजीने नुसते विचारले, "भिरांत दिसता मरे तुका?" (भीती वाटते ना रे तुला?) तो लगेच म्हणाला, "दिसता. पूण म्हाका पळोवंक जाय." (वाटते. पण मला पाहायचे आहे.) दोन भावना एकाच वेळी असू शकतात हे मुलांना स्पष्टपणे समजायला आणि सांगायला बहुधा आठेक वर्षे लागतात; इथे 'पूण' या एका शब्दाने ते काम केले. तेव्हा नाव कोणत्या भाषेत द्यावे याचा फार विचार करू नये. मूल ज्या भाषेत रडते, तीच पुरेशी आहे.

बोलण्याच्या पर्यायाला मात्र किंमत मोजावी लागते. त्याला फुरसत असलेले मोठे माणूस लागते, आणि दोघेही संध्याकाळी सातला घरी पोहोचणाऱ्या घरात ते सहज मिळत नाही. दुसरा धोका नाव लादण्याचा आहे: भुकेने किंवा झोपेने किरकिरणाऱ्या मुलाला 'तुला राग आलाय' असे ठामपणे सांगितले की ते चुकीचा शब्द शिकते. म्हणून 'राग आलाय का, की भूक लागलीय?' असे विचारावे, आणि पोटात गोळा आला का, छातीत धडधडते का, हेही विचारावे, कारण काही मुलांना शरीरातला बदल सांगणे भावनेच्या नावापेक्षा सोपे जाते. आकांत चालू असताना दोन्ही पर्याय निरुपयोगी आहेत. तेव्हा जवळ बसावे आणि गप्प राहावे.

मूल चारच्या आतले असेल तर तक्त्यावर खर्च करू नये. चार ते सात या वयात बोलणे मुख्य ठेवून तक्ता शांत वेळी खेळासारखा वापरता येतो. आठनंतर बहुतेक मुलांना तो बाळबोध वाटतो. भीती किंवा उदासी कित्येक आठवडे टिकून झोप, जेवण वा शाळा बिघडत असेल, तर ही निवड बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना भेटावे. गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्थाही आहे.

तक्ता हवाच असेल तर तो मुलाकडूनच काढून घ्यावा आणि एक चौकोन कोरा सोडावा. आमच्या घरच्या कोऱ्या चौकोनात पुतण्याने नरकासुर काढला आहे, आणि त्याखाली काय लिहायचे हे अजून ठरलेले नाही.